मुठीतला अष्टमांश

माझी वहिनी गणिताच्या शिक्षकांना शिकवते आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना घाबरते. लिफ्टला घाबरते, कुत्र्याला घाबरते. फोन वाजला की दचकते आणि बराच वेळ वाजला नाही की त्याहून जास्त. दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, म्हणतो, "हिला काळजीला काही उरलं नाही ना, की त्याचीच काळजी लागते." मी तिला तोंडावर भित्री भागूबाई म्हणते. ती हसते आणि गॅस बंद आहे का ते पुन्हा एकदा बघून येते.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला आहोत. एका शाळेच्या मागच्या अंगाला, जुन्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांत गणित साहित्य केंद्र आहे. आसपासच्या शाळांतले शिक्षक तिथं येतात आणि पेट्या घेऊन जातात. मण्यांच्या माळा, फासे, तराजू, खिळे ठोकलेल्या फळ्या आणि त्यांवर ताणायची रबरबँडं, अपूर्णांकांच्या रंगीत पट्ट्या. पेटी नुसती नेऊन भागत नाही, वर्गात तिचं करायचं काय हे कळावं लागतं. ते वहिनी शिकवते. शनिवारी दुपारी मोठमोठे बाप्ये आणि बायका लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात आणि वहिनी त्यांच्याकडून खेळ करवून घेते. मी कापते, चिकटवते, पेट्या भरते आणि कुणी फासा हरवून आला तर त्याची खरडपट्टी काढते. हे शेवटचं काम वहिनीला जमत नाही.

तिच्या भीतीचं मूळ गणितातच आहे, हे मला ती आमच्या घरात आल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं. लहानपणी तिचे काका तिचा अभ्यास घ्यायचे. मारायचे नाहीत, पण चूक झाली की पेन्सिल खाली ठेवून नुसते तिच्याकडे बघत बसायचे. वहिनी म्हणते, त्यापेक्षा एक रट्टा परवडला असता. मग तिनं युक्ती काढली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं उत्तर आधी बघायचं आणि मग वरचे आकडे असे मांडायचे की तेच उत्तर यावं. उत्तरं बरोबर यायला लागली, काका खूश झाले, हुशार मुलगी म्हणून नाव झालं आणि त्या नावाच्या जोरावर ती गणिताची शिक्षिका झाली. भीती मात्र कायमची, की आज ना उद्या कुणीतरी विचारेल, हे कसं आलं?

विचारलं ते तिच्याच वर्गातल्या एका मुलानं. "बाई, चार दोनापेक्षा मोठे, मग एक चतुर्थांश एक द्वितीयांशापेक्षा लहान कसा?" वहिनीला उत्तर येईना. काहीतरी करायचं म्हणून तिनं कागदाची एक पट्टी घेतली, दुमडली, पुन्हा दुमडली. घडी उलगडून बघताना तिला स्वतःला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. वर्गातच खुर्चीत बसून ती रडली म्हणे. तेव्हापासून पट्ट्या हे तिचं वेड. प्रत्येक प्रशिक्षणात ती शिक्षकांना एकच गोष्ट बजावते. "मुलांना सांगा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पट्टीवर ठेवा. पट्टी खोटं बोलत नाही. जे दिसेल ते सांगा."

आता चिमणीचं सांगते. ही आमच्याकडे येणारी एक तरुण शिक्षिका. आवाज इतका बारीक की वहिनीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमणी ठेवलं. वहिनीला तिचा फार लळा. मला विचाराल तर, एका घाबरटानं दुसऱ्या घाबरटाला बरोबर ओळखलं, दुसरं काही नाही. चिमणी ज्या शाळेत होती तिथं ती अजून कायम झाली नव्हती. दोनदा तिचा पाठ बघायला तपासणीस आले आणि दोन्ही वेळा तिची बोबडी वळली. आता तिसऱ्यांदा येणार होते, आणि मुख्याध्यापिकेनं स्वच्छ सांगितलं होतं की याही वेळी पाठ फसला तर पुढच्या सत्रात नोकरी नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि कमावणारी ही एकटी. वहिनीनं तिच्याकडून अपूर्णांकांचा तो पाठ जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर कितीतरी वेळा करवून घेतला. मी विद्यार्थी व्हायचे आणि मुद्दाम आडमुठे प्रश्न विचारायचे. चिमणी घाम पुसत उत्तरं द्यायची. हळूहळू तिला चांगलं जमायला लागलं.

त्याच सुमाराला वहिनीनं पट्ट्यांना लॅमिनेशन करून घेतलं. साध्या पुठ्ठ्याचे तुकडे मुलांच्या हातात मऊ पडायचे, कोपरे उलायचे. कोपऱ्यावरच्या लॅमिनेशनवाल्यानं प्रत्येक तुकडा वेगळा प्लास्टिकमध्ये बसवला आणि चारी बाजूंनी बारीकशी पारदर्शक कड ठेवून कापून दिला. कड नसेल तर प्लास्टिक सुटतं, त्याचंही बरोबर होतं. पट्ट्या अशा चकचकीत दिसत होत्या की वहिनीनं त्या गालाला लावून बघितल्या. दोन अर्धे जोडून बघितले, चार पाव जोडून बघितले. बसल्यासारखे वाटले. पहिली पेटी अर्थातच चिमणीला गेली.

पाठाच्या दिवशी सकाळी लॅमिनेशनवाल्याकडून दुसरी खेप आली. वहिनी चिमणीच्या काळजीनं कासावीस झालेली, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं एक पेटी उघडली. टेबलावर पूर्ण पट्टी ठेवली आणि तिच्याखाली एकेक करून आठ अष्टमांश लावत गेली.

"वन्सं," ती म्हणाली. "जरा इकडे या."

मी गेले. आठवा तुकडा पट्टीच्या पुढे निघाला होता, चांगला दीड बोट.

"सरकव की जरा," मी म्हणाले.

"सरकवायला जागाच नाही हो. कड आहे ना प्रत्येकाला. पूर्ण पट्टीला दोन टोकांच्या दोनच कडा. ह्या आठांना सोळा." तिनं आठवा तुकडा उचलून हातात घेतला. "आठ अष्टमांश एकापेक्षा मोठे झाले. आणि आज ती पोरगी नेमकं हेच करून दाखवणार आहे. पट्टीवर विश्वास ठेवा म्हणून सांगणार आहे."

मी फोन लावला. चिमणीच्या शाळेत शिक्षकांचे फोन ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात, त्यामुळे तो नुसता वाजत राहिला. ऑफिसात लावला तर शिपाई म्हणाला, "साहेब आलेत, बाई वर्गावर चालल्यात, नंतर करा," आणि ठेवून दिला. मी जुन्या, साध्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची पेटी काखोटीला मारली आणि वहिनीला ओढत रस्त्यावर आणून रिक्षात घातलं.

वाटेत तिचं एकच चाललं होतं. "माझ्यामुळे तिची नोकरी जाणार," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मुलं म्हणतील जास्त झालं, तिला कळणार नाही का झालं, ती गप्प होईल. मला ठाऊक आहे ती कशी गप्प होते. आणि तो माणूस नुसता बघत बसेल."

मला तिचे काका आठवले. पण मी माझ्या स्वभावाप्रमाणे खेकसलेच. "मनी वसे ते स्वप्नी दिसे. इतकं कोण बघतंय? आणि नाही पोचलो वेळेवर तर झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसायचं. कुणाला काही कळणार नाही."

वहिनी सिग्नल लागला की रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत ओठ चावायची.

आम्ही पोचलो तेव्हा वर्गाचं दार लोटलेलं होतं. मुख्याध्यापिका बाहेरच उभ्या होत्या. वहिनीला त्या ओळखत होत्या. "पेटीबिटी आता काही नाही," त्या कुजबुजल्या. "पाठ सुरू झालाय. हवं तर मागे बसा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. साहेबांना खपत नाही." आम्ही पाय न वाजवता त्यांच्यामागोमाग आत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. बरोबर पट्ट्यांची पेटी माझ्या मांडीवर, आणि चुकीची पुढे चिमणीच्या टेबलावर.

तपासणीस फळ्याजवळच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. करडे केस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. वाईट माणूस दिसत नव्हते. फक्त बघत होते. चिमणी फळ्यापाशी उभी होती आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता, हे नवलच. मुलं मात्र फार शांत होती. एवढी शांत मुलं मला आवडत नाहीत. मोठ्या माणसाला भीती वाटतेय हे मुलांना वासावरून कळतं, आणि त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला कळलं होतं की आज आपल्या बाईंचं काहीतरी आहे.

"आता एक पूर्ण पट्टी," चिमणी म्हणाली, "आणि हे अष्टमांश. किती लागतील बघू या. आधी एकीनं पुढे येऊन करायचं, मग सगळ्या गटांनी. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही हं. पट्टीवर ठेवायचा."

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. ती टेबलाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिची पाठ वर्गाकडे आणि आमच्याकडे. एकेक तुकडा लावत गेली. सात झाले. आठवा उचलला, लावायला गेली आणि तिचा हात थांबला. मला मागूनसुद्धा दिसलं की तिच्या खांद्यात काहीतरी ताठ झालं. तिनं चिमणीकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. मग तिचा डावा हात हळूच पाठीमागे आला. मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून प्लास्टिक चमकत होतं. उजव्या हातानं तिनं उरलेले तुकडे जरासे लांब लांब केले. सात तुकडे, पट्टीच्या बरोबर टोकापर्यंत.

"आठ, बाई," ती म्हणाली. "आठ अष्टमांश म्हणजे एक."

अख्ख्या वर्गाला ती मूठ दिसत होती. एकही पोर हललं नाही.

"छान," साहेब म्हणाले आणि फाइलीत काहीतरी लिहिलं. "उत्तर बरोबर आहे. चला पुढे."

चिमणीनं मात्र टेबलाकडे बघितलं. सात तुकडे तिला दिसले, मी शपथेवर सांगते. तिचे ओठ मोजताना हलले होते. मग तिची नजर वर आली, सगळ्या डोक्यांवरून थेट आमच्या बाकावर. आम्ही तिथं आहोत हे तिला तेव्हाच कळलं असावं. तिनं वहिनीकडे बघितलं, आणि ती काय विचारत होती ते मलासुद्धा कळलं.

वहिनीनं मान हलवली. नको. अगदी थोडीशी हलवली, पण हलवली. राहू दे, पुढे जा.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. साहेब खूश होते. उत्तर बरोबर होतं. एवढं पाऊल पुढे टाकलं की नोकरी पक्की. मी मनात म्हणत होते, चल गं बाई, चल पुढे. वहिनीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"साहेब, एक मिनिट," चिमणी म्हणाली. आवाज परत बारीक झाला होता. ती गुडघे टेकून त्या मुलीच्या उंचीला आली. "मागच्या हातात काय आहे?"

मुलीनं मान खाली घातली.

"रागावणार नाही. दाखव."

मूठ उघडायला बराच वेळ लागला. घामानं तुकडा तळहाताला चिकटला होता. तिनं तो सोलून काढला आणि रडायलाच लागली. "जास्त होत होतं बाई. उरत होता हा. साहेब तुम्हाला रागावतील म्हणून लपवला."

 साहेबांचं पेन हवेतच राहिलं. मी मुख्याध्यापिकेकडे बघितलंच नाही, छाती झाली नाही.

चिमणी उभी राहिली.  तिनं आठवा तुकडा घेतला आणि लावला. दीड बोट पुढे गेला. "हे बघा," ती वर्गाला म्हणाली. "हिला दिसलं ते खरं आहे. जास्त होतंय. का होतंय, मला नाही माहीत." तिनं तुकडा पुन्हा एकदा लावून बघितला. "मला खरंच माहीत नाही. शोधू या आपण."

मग एकदम गलका झाला. कुणी म्हणालं तुकडे मोठे कापलेत, कुणी म्हणालं पट्टीच लहान आहे, कुणी मोजपट्टी मागितली. सगळ्या गटांनी पट्ट्या घेतल्या आणि सगळ्यांचे आठवे तुकडे पुढे निघाले. मुलं वाकून, जिभा बाहेर काढून मोजत होती. ती दोन वेण्यांची मुलगी नाक पुसत त्यांच्यात शिरली होती. वहिनी उठू बघत होती. तिला ओरडून सांगायचं होतं, कड बघा, कड. मी तिला खाली दाबून बसवलं, कारण मुख्याध्यापिकेचे डोळे आमच्यावरच होते. आणि कुणालाही काही सापडायच्या आत तास संपल्याची घंटा झाली.

साहेबांनी फाइल मिटली. "साहित्य सदोष," ते म्हणाले, "आणि पाठ अपुरा. बाईंना स्वतःलाच कारण माहीत नाही." मग मुलांकडे एकदा बघून बाहेर पडले.  वहिनी त्यांच्यामागे व्हरांड्यात धावली. आयुष्यात कुणाच्या मागे धावली नव्हती ती बाई. "साहेब, चूक माझी आहे, पट्ट्या मी केल्या," एवढं कसंबसं म्हणाली. ते म्हणाले, "असेल. पण पाठ त्यांचा होता."

सत्र संपलं आणि चिमणीची नोकरी गेली.

त्या दिवसांत वहिनी जेवायची नाही. पट्ट्यांचं तिला तितकं नव्हतं. चूक झाली, कड मोजायची राहिली, पेट्या परत मागवल्या, ते सगळं तिनं निस्तरलं. ती जळत होती त्या मान हलवण्यानं. "आयुष्यभर सांगितलं, दिसेल ते सांगा," ती मला म्हणाली. "आणि वेळ आली तेव्हा मीच शेवटचं पान उघडून बसले, वन्सं. उत्तर बरोबर आहे ना, मग झालं." मी चहा टाकला.

मग एके दिवशी चिमणी पेटी परत द्यायला आली. ती फाटकातून येताना दिसली आणि वहिनी सरळ आतल्या खोलीत जाऊन कपाटामागे उभी राहिली. एवढी मोठी बाई! मी दंडाला धरून तिला बाहेर काढलं.

चिमणीनं पेटी टेबलावर उघडली. सगळ्या तुकड्यांच्या कडा कापलेल्या होत्या. मुलांच्या कात्रीनं, वाकड्यातिकड्या. काही ठिकाणी प्लास्टिक सुटून वर आलं होतं. तिनं पूर्ण पट्टी ठेवली आणि खाली आठ तुकडे लावले. बरोबर टोकाला टोक बसलं.

"दोन दिवस लागले पोरांना," ती म्हणाली. "तिनंच शोधलं. मूठवालीनं. म्हणाली, बाई, रंग मोजायचा, काच नाही मोजायची."

वहिनीनं त्या तुकड्यांवरून हात फिरवला. "मी मान हलवली," ती म्हणाली. "बघितलंस ना तू? भ्याले गं. तुझ्यासाठी भ्याले."

"बघितलं. म्हणून तर." चिमणीनं एक तुकडा उचलला. "मला इतकी वर्षं वाटायचं, एकटी मीच अशी आहे. तुम्ही मान हलवलीत तेव्हा कळलं, तुम्हीपण. मग त्या पोरीकडे बघितलं तर तीपण. ती माझ्यासाठी घाबरलेली, मी आईसाठी, तुम्ही माझ्यासाठी. सगळ्याच एकमेकींसाठी घाबरून मुठी झाकत बसलो, तर त्या पोरीनं गणित कधी शिकायचं?"

वहिनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीपण डोळे पुसले, पण ते कुणाला दिसू दिलं नाही.

चिमणी आता लांबच्या एका छोट्या शाळेत शिकवते. पगार कमी, बस बदलून जावं लागतं, आणि तिथंही ती अजून कायम झालेली नाही. घर कसंबसं चालतं. शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही.

वहिनीनं मात्र एक पेटी कडांसकट ठेवून घेतली. आता शनिवारच्या प्रशिक्षणाची सुरुवात तिच्यापासून होते. ती काही न सांगता एकेका शिक्षकाला पुढे बोलावते आणि म्हणते, आठ अष्टमांश लावा. लोक लावतात. आठवा तुकडा उरतो. मग वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं इकडेतिकडे बघतात, तुकडे जरासे लांब करतात आणि आठवा गुपचूप मुठीत जातो, पदराखाली जातो, फाइलीखाली जातो. "आठ, मॅडम," म्हणतात. "एक पूर्ण."

वहिनी अजून तशीच घाबरते.  पण त्या क्षणी ती त्या माणसाच्या समोर जाते, स्वतःचा तळहात पुढे करते आणि उभी राहते. काही बोलत नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघतसुद्धा नाही, कारण तसं बघितलं की काय होतं ते तिला माहीत आहे. हात थरथरत असतो. मूठ उघडेपर्यंत ती तो मागे घेत नाही.